जपानी मेपलच्या वाफ्यासाठी मल्च: पाइनची बारीक साल आणि तिच्यासमोरचे पर्याय

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीत किराणा दुकानांच्या दारांत, पेट्रोल पंपांच्या कडेला आणि बागसामानाच्या मोठ्या दुकानांच्या आवारात मल्चच्या, म्हणजे झाडांभोवती मातीवर पसरायच्या आच्छादनाच्या, पिशव्यांच्या थप्प्या लागतात. पिशवीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत रंग छापलेला असतो: काळा, लाल किंवा गडद तपकिरी. आत कोणत्या झाडाचे नेमके काय भरले आहे, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत शोधावे लागते आणि कित्येकदा तिथेही केवळ ‘वन उत्पादने’ एवढेच लिहिलेले असते. कुंपणालगतच्या कणखर झुडपांसाठी रंग पाहून पिशव्या उचलल्या तरी फारसे बिघडत नाही. जपानी मेपल हे शोभेचे झाड लावलेल्या वाफ्यासाठी मात्र ही निवड विचारपूर्वक करावी लागते, कारण या झाडाचे सुखदुःख मातीच्या वरच्या वीतभर थरात ठरते आणि मल्च थेट त्याच थरावर बसतो.

माझा कौल आधीच सांगते. आमच्या घराच्या पूर्वेला १८ फूट लांब आणि ९ फूट रुंद वाफा असून त्यात एक ‘ब्लडगुड’, एक झुकत्या फांद्यांचा ‘क्रिमझन क्वीन’ आणि हिवाळ्यात पोवळ्यासारख्या लाल फांद्या दाखवणारा ‘सांगो-काकू’ असे तीन मेपल आहेत. तिथे हार्डवुडचा (ओकसारख्या रुंद पानांच्या झाडांचा) बारीक केलेला मल्च, रंगवलेला मल्च, पाइनची साल आणि घरचा कुजवलेला पाला असे सर्व प्रकार वेगवेगळ्या वर्षी वापरून झाले आहेत. त्यांत पाइनच्या सालीचा बारीक ते मध्यम चुरा आणि त्याखाली कुजलेल्या पाल्याचा पातळ थर ही जोडी मला निर्विवादपणे सरस वाटते. बाकीच्या पर्यायांचेही काही गुण आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. ते पुढे सविस्तर येईलच.

जपानी मेपलची मुळे खोल जात नाहीत. बारीक तंतुमुळांचे दाट जाळे पृष्ठभागाच्या अगदी जवळ पसरते, आणि त्यांना ओलावा हवा असला तरी साचलेले पाणी अजिबात चालत नाही. जुलैत पारा ९० अंश फॅरनहाइटच्या वर गेला आणि त्यात कोरडा वारा सुटला की पानांच्या कडा करपू लागतात. विशेषतः ‘क्रिमझन क्वीन’सारख्या बारीक कातरलेल्या पानांच्या जातींत हे आधी दिसते. मध्य न्यू जर्सीच्या बऱ्याच भागात लालसर शेल खडकापासून झालेली चिकणमाती आहे, आणि नव्या वसाहतींत घरे बांधताना जड यंत्रांनी ती दाबून टाकलेली असते. अशा मातीला ओल पुरवणे सोपे असते, हवा पुरवणे कठीण. म्हणून मेपलसाठीच्या मल्चला माझी पहिली कसोटी अशी असते की तो पाणी आणि हवा खाली जाऊ देतो की अडवतो. तण किती दाबतो, किती टिकतो, कसा दिसतो, हे सर्व त्यानंतर येते.

पश्चिम महाराष्ट्रात उसाचे पाचट न जाळता सरीत पसरण्यामागे जो विचार आहे, तोच इथे लागू पडतो: ओल टिकवायची, तण रोखायचे आणि कुजत जाणाऱ्या थरातून मातीला सेंद्रिय कर्ब परत द्यायचा. फरक एवढाच की ऊस वर्ष-दीड वर्षात तुटून जातो, तर मेपल त्याच जागी अनेक दशके उभा राहायचा असतो, त्यामुळे चुकीच्या आच्छादनाचे परिणाम त्याच्या मुळांशी साचत जातात.

आता पाइनच्या सालीविषयी. दुकानात ती साधारण तीन आकारांत मिळते. मोठे तुकडे ‘नगेट्स’ म्हणून, त्याहून लहान ‘मिनी नगेट्स’ म्हणून आणि अगदी बारीक चुरा ‘फाइन्स’ किंवा ‘सॉइल कंडिशनर’ या नावाने विकला जातो. मला मेपलसाठी मिनी नगेट्स आणि फाइन्स यांचे मिश्रण आवडते, म्हणजे जवाच्या दाण्यापासून अंगठ्याच्या नखापर्यंतचे तुकडे त्यात एकत्र असतात. पिशवी फाडून मूठभर साल हातात घेतली तर चांगल्या मालात प्रत्येक तुकड्याच्या कडेला पापुद्र्यांचे थर दिसतात, बाहेरून राखाडी-तपकिरी आणि आतून विटकरी, आणि कोरड्या राळेचा हलका वास येतो. त्या मुठीत फिकट पिवळसर, रेषारेषांचे काटकीसारखे तुकडे किती आहेत ते अवश्य पाहावे. ती साल नसून लाकूड असते. स्वस्त पिशव्यांत त्याचे प्रमाण बरेच असते आणि तिथेच मालाची प्रत कळते.

सालीला एवढे महत्त्व देण्याचे कारण तिच्या घडणीत आहे. पाइनच्या सालीत लिग्निन आणि सुबेरिनसारखे मेणचट घटक भरपूर असतात, तर सहज कुजणारा सेल्युलोज लाकडाच्या मानाने कमी असतो. त्यामुळे ती हळूहळू कुजते, लवकर दबत नाही, आणि तुकड्यांमधल्या पोकळ्या दीर्घकाळ मोकळ्या राहतात. झारीने वरून पाणी घातले की ते आडवे न पसरता सरळ खाली उतरते. उन्हाळ्यातील एखाद्या कोरड्या आठवड्याच्या अखेरीस बोटांनी थर बाजूला केला तर खालची माती गडद, गार आणि भुसभुशीत हाती लागते, आणि मातीच्या अगदी वरच्या बाजूला मेपलची पांढरट, केसांसारखी कोवळी मुळे दिसतात. मला या मल्चविषयी सर्वांत जास्त विश्वास त्या मुळांनी दिला आहे. हार्डवुडच्या जाड थराखाली तीच मुळे माती सोडून वर, मल्चमध्येच वाढत आलेली आढळत होती, आणि अशी वर आलेली मुळे पहिल्या कडक उन्हात सुकतात.

पाइनची साल स्वतः आम्लधर्मी असते. जपानी मेपलला किंचित आम्ल, म्हणजे साधारण ५.५ ते ६.५ सामूची (पीएचची) माती मानवते, त्यामुळे हा गुण सोयीचा आहे. तथापि वर पसरलेल्या सालीमुळे खालच्या मातीचा सामू लक्षणीय खाली येतो, हा समज खरा नाही. पाइनच्या सुयांविषयीही तोच गैरसमज प्रचलित आहे. माती खरोखर अल्कधर्मी असेल तर मल्च बदलून ती सुधारणार नाही. त्यासाठी आधी माती तपासावी. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा हे काम माफक शुल्कात करते आणि अहवालात सामूबरोबर दुरुस्तीचा सल्लाही देते.

या मल्चचे दोष लपवण्याचे कारण नाही. साल वजनाला हलकी असल्याने ती पाण्यावर तरंगते, आणि जुलै-ऑगस्टमधील वादळी सरीत मोठे नगेट्स तर वाफ्यातून वाहत जाऊन पायवाटेवर येतात. बारीक-मध्यम मिश्रणात हा त्रास पुष्कळ कमी होतो, कारण लहान तुकडे मोठ्यांना धरून ठेवतात. अगदी कोरडा पडलेला बारीक चुरा सुरुवातीला पाणी झिडकारतो, म्हणून पसरल्याबरोबर तो सावकाश आणि पूर्ण भिजवावा लागतो. केवळ फाइन्स वापरल्यास वाऱ्याने आलेल्या तणाच्या बिया त्यात उत्साहाने रुजतात. एका उन्हाळ्यानंतर वरचा रंग करडा पडतो, जो मला विटका वाटत नाही, पण ज्यांना वाफा वर्षभर नव्यासारखा गडद दिसायला हवा असतो त्यांना आवडणार नाही. आणि किंमत हार्डवुडपेक्षा निश्चितच अधिक असते. मात्र दर वर्षी पूर्ण थर नव्याने घालावा लागत नसल्याने दोन-तीन वर्षांचा हिशेब केला तर तफावत बरीच भरून निघते.

हार्डवुडचा बारीक केलेला मल्च हा आमच्या भागात सर्वांत जास्त खपणारा प्रकार. ‘डबल श्रेडेड’ आणि ‘ट्रिपल श्रेडेड’ या नावांनी तो मिळतो, उतारावर घट्ट बसतो, दिसायला नीटनेटका असतो आणि स्वस्तही पडतो. उतारावरील वाफ्यासाठी मी आजही त्याचाच विचार करीन. सपाट वाफ्यात मात्र त्याचे धागे एकमेकांत गुंतून एकसंध पापुद्रा तयार होतो, त्यात बुरशीचे पांढरे जाळे पसरते, आणि कोरड्या दिवसांनंतर पाऊस आला की पाणी त्या पापुद्र्यावरून घरंगळून जाते. वरून वाफा ओला दिसतो आणि खाली मुळांशी माती कोरडीच राहते. दाताळ्याने महिन्या-दोन महिन्यांनी तो थर हलका उकरत राहिले तर हा दोष आटोक्यात राहतो. पण मेपलच्या उथळ मुळांवर वारंवार दाताळे फिरवणे मला पटत नाही.

त्याच्याविषयी दुसरी तक्रार तोफबुरशीची आहे. स्फेरोबोलस नावाची ही इवली बुरशी ओल्या, कुजत्या लाकडावर वाढते आणि आपल्या बीजाणूंची चिकट काळी गोळी उजेडाच्या दिशेने चक्क १५-२० फुटांपर्यंत फेकते. पांढऱ्या भिंतीवरून किंवा मोटारीवरून परावर्तित होणारा प्रकाश तिला खुणावतो. आमच्या शेजारच्या घराच्या पांढऱ्या व्हिनाइल साइडिंगवर (बाहेरच्या भिंतींच्या प्लास्टिक आवरणावर), जमिनीपासून छातीइतक्या उंचीपर्यंत, मोहरीपेक्षा लहान असे शेकडो काळे ठिपके आहेत. नखाने खरवडले तर गोळी निघते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. झाडाला या बुरशीने काही होत नाही, पण घर रंगवण्याचा खर्च मल्चच्या किमतीच्या कित्येक पट असतो. पाइनच्या सालीचे मोठे तुकडे या बुरशीला कमी मानवतात, कारण ते लवकर वाळतात. पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतील संशोधनात असेही आढळले की मल्चमध्ये सुमारे ४० टक्के अळंबी कंपोस्ट (अळंबीचे पीक काढल्यावर उरलेले खत) मिसळले तर तोफबुरशी बरीच दबते. अळंबीच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेले केनेट स्क्वेअर आमच्यापासून फार दूर नसल्याने हे कंपोस्ट सहज मिळते. परंतु त्यात क्षारांचे प्रमाण अधिक असते आणि त्याचा सामूही अल्कधर्मी बाजूला झुकतो, म्हणून हा उपाय मी मेपलच्या वाफ्यात करणार नाही.

काही वेळा मल्चवर एका रात्रीत उमटणारा पिवळाधमक, फेसाळ गोळा पाहून लोक घाबरतात. तो निरुपद्रवी असतो. फावड्याने उचलून टाकावा किंवा वाळू द्यावा.

ट्रकने येणाऱ्या सुट्या मल्चविषयी येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण त्यातून होणारे नुकसान चोवीस तासांत होते आणि बहुतेकांना त्याचे कारणही कळत नाही. विक्रेत्याच्या आवारात मल्चचे डोंगर फार उंच रचले गेले आणि ते वेळोवेळी उलथले नाहीत, तर आतल्या भागाला प्राणवायू मिळत नाही. तिथे अ‍ॅसिटिक आम्लासारखी द्रव्ये तयार होतात आणि सामू ३ च्याही खाली जाऊ शकतो. अशा मल्चला ‘आंबलेला’ म्हणतात आणि त्याचा वास खरोखरच व्हिनेगरसारखा किंवा कुजक्या अंड्यासारखा असतो. आमच्या भागातील एका विक्रेत्याने आमच्याकडे असाच माल आणून ओतला होता. ढिगातून वाफ निघत होती, पण केवळ वाफेवरून माल खराब ठरत नाही, कारण चांगला ढीगही आतून गरम असतो. खूण होती ती नाकात झोंबणाऱ्या वासाची. वाफ्याच्या कडेला जिथे त्याचा पातळ थर पडला होता तिथल्या होस्टा या शोभेच्या रोपाच्या पानांच्या कडा दुसऱ्या दिवशी सकाळी पांढुरक्या पडलेल्या होत्या, जणू कोणी त्यांवर उकळते पाणी शिंपडले होते. विक्रेत्याने माल परत नेण्यास नकार दिला. तो ड्राइव्हवेवर पातळ पसरून, पाणी मारून, उघड्यावर हवा देत ठेवल्यानंतर हळूहळू त्याचा वास गेला आणि मगच तो मागच्या अंगणात वापरता आला. मेपलजवळ त्यातील एक मूठही गेली नाही याचे मला समाधान आहे. म्हणून ट्रक रिकामा होण्यापूर्वी ढिगाच्या आतला मूठभर मल्च हुंगून पाहावा आणि वास ओल्या मातीचा किंवा ताज्या लाकडाचा नसेल तर माल उतरवू देऊ नये.

रंगवलेल्या मल्चविषयी लोकांच्या मनात जी भीती असते ती बहुधा रंगाची असते. वास्तविक लाल आणि तपकिरी छटांसाठी बहुतेक वेळा लोहाचे ऑक्साइड आणि काळ्यासाठी कार्बन वापरतात, आणि या दोन्हींचा झाडाला उपद्रव होत नाही. प्रश्न रंगाखालच्या लाकडाचा असतो. ते लाकूड अनेकदा मालवाहतुकीचे जुने लाकडी पॅलेट, पाडलेल्या बांधकामातील फळ्या अशा ठिकाणांहून येते. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण पाजलेल्या लाकडाचा घरगुती वापर अमेरिकेत २००३ च्या अखेरीस थांबला, परंतु त्याआधी बांधलेले डेक आणि कुंपणे आजही पाडली जात आहेत. मल्च अँड सॉइल कौन्सिलचे प्रमाणपत्र असलेल्या पिशवीत असे लाकूड वापरण्यास मनाई असते, म्हणून रंगीत मल्च घ्यायचाच असेल तर तेवढे चिन्ह पाहून घ्यावा. शिवाय हे वाळके लाकूड लवकर दबते आणि सालीसारखी पोकळ रचना त्यात राहत नाही.

दिसण्याच्या दृष्टीनेही माझे मत रंगवलेल्या मल्चच्या विरोधात आहे. ‘ब्लडगुड’ची जांभळट लाल पाने लाल मल्चवर हरवून जातात, ज्या पानांसाठी आपण झाड विकत घेतले त्यांचाच रंग जमिनीने पळवलेला असतो. काळ्या मल्चवर ती उठून दिसतात हे मान्य करावे लागेल, पण दुपारच्या उन्हात काळा थर तापतो आणि उथळ मुळांना तेच नको असते. पाइनच्या सालीचा मवाळ तपकिरी रंग लाल पानांच्या जातींनाही चालतो आणि हिरव्या पानांच्या जातींनाही, आणि जानेवारीत पाने नसताना ‘सांगो-काकू’च्या लाल फांद्यांखाली तर तो फारच शोभतो.

झाडे छाटणाऱ्या कंपन्यांकडून मिळणारा ढलप्यांचा चुरा हा सर्वांत स्वस्त, कित्येकदा फुकट मिळणारा पर्याय आहे, आणि बागकामाच्या शास्त्रीय वर्तुळात त्याला मोठा मान आहे. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी त्याचा आवर्जून पुरस्कार केला आहे. लाकडी चुरा मातीतला नत्र खाऊन टाकतो ही भीती त्यांनी योग्यच खोडून काढली आहे, कारण वर पसरलेल्या थराचा परिणाम माती आणि मल्च यांच्या स्पर्शरेषेपुरताच राहतो. तो मातीत कालवला तरच नत्राची चणचण जाणवते. पान, साल आणि लाकूड यांचे वेगवेगळ्या आकारांचे तुकडे असल्याने हवा आणि पाणीही त्यातून उत्तम जाते. त्यामुळे फळझाडांभोवती, पायवाटांवर आणि झुडपांखाली मी तो आनंदाने वापरते.

मेपलच्या वाफ्यात मात्र मी तो टाळते, आणि त्याचे कारण व्हर्टिसिलियम नावाची मातीतून पसरणारी बुरशी हे आहे. मेपल या रोगाला विशेष बळी पडतात. भर उन्हाळ्यात एखादी फांदी अचानक मान टाकते, तिची साल सोलली तर आतल्या लाकडात हिरवट-काळपट रेषा दिसतात, आणि पुढच्या एक-दोन हंगामांत झाडाचा एकेक भाग जात राहतो. यावर औषध नाही, आणि या बुरशीचे सुप्त कण मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. न्यू जर्सीत रस्त्यांच्या कडेला मेपल अमाप आहेत आणि छाटणी कंपनीच्या ट्रकमध्ये येणाऱ्या ढलप्या अनेकदा आजारी म्हणूनच तोडलेल्या झाडांच्या असतात. नीट गरम होऊन कुजलेल्या ढिगात हा धोका पुष्कळ घटतो, हे खरे. तरीही ज्या वाफ्यात वर्षानुवर्षे जपलेला जपानी मेपल उभा आहे, तिथे स्रोत ठाऊक नसलेला ताजा चुरा घालण्याइतकी बचत मला मोलाची वाटत नाही.

कुजलेल्या पाल्याविषयी मला मनापासून लिहावेसे वाटते, कारण मेपल आपल्या मूळ अरण्यांत, जपान, कोरिया आणि चीनच्या डोंगरउतारांवर, मोठ्या झाडांच्या सावलीत याच थरावर वाढत आले आहेत. शरद ऋतूतली गळलेली पाने गवत कापायच्या यंत्राखाली बारीक करून तारेच्या जाळीच्या कुंपणात साठवली आणि ओली ठेवली, तर वर्ष-दीड वर्षात त्यांचा काळाभोर, भुसभुशीत, मातीचा वास असलेला चुरा होतो. पाणी धरून ठेवण्यात त्याची बरोबरी दुसरा कोणताही मल्च करीत नाही. एकट्याने तो लवकर संपतो आणि तण फारसे रोखत नाही, म्हणून मी त्याचा साधारण एक इंचाचा थर खाली घालते आणि त्यावर दीड-दोन इंच साल. न्यू जर्सीतील अनेक गावांत नगरपालिका गोळा केलेल्या पानांचे कंपोस्ट रहिवाशांना देते, आणि भाजीच्या वाफ्यांसाठी ते उपयोगी आहे. परंतु बाहेरून आणलेल्या कंपोस्टमधून अलीकडे उड्या मारणाऱ्या आशियाई गांडुळांचा प्रसार होत आहे. ही गांडुळे मल्चचा थर एका उन्हाळ्यात फस्त करतात आणि मागे कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ, निःसत्त्व माती ठेवतात, जी उथळ मुळांना धरून ठेवू शकत नाही. त्यांची अंडी १०४ अंश फॅरनहाइट तापमानात तीन दिवस राहिल्यास मरतात, तेव्हा बाहेरचा माल पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात तापवून घेणे शहाणपणाचे आहे. घरच्या पानांना हा सोपस्कार लागत नाही, हा त्यांचा आणखी एक फायदा.

उरलेल्या प्रकारांविषयी थोडक्यात. कोकोच्या टरफलांना सुंदर वास येतो, पण त्यांत थिओब्रोमीन असते आणि कुत्र्यांना ते विषारी ठरते, म्हणून ज्या घरात किंवा शेजारात कुत्रा आहे तिथे ती नकोत. रबराचा मल्च मेपलसाठी पूर्णपणे अयोग्य आहे. तो तापतो, मातीला काही देत नाही आणि त्यातून जस्त झिरपते. पांढरे दगड आणि संगमरवरी खडी उन्हाची धग मुळांकडे आणि पानांच्या खालच्या बाजूकडे परतवतात, शिवाय चुनखडीच्या जातीचे दगड मातीचा सामू वाढवतात. सायप्रसचा मल्च टिकाऊ असला तरी तो दक्षिणेकडील पाणथळ अरण्यांतून येतो आणि ती अरण्ये मल्चसाठी तोडली जावीत असे मला वाटत नाही. नॉर्थ कॅरोलायना किंवा जॉर्जियात राहणाऱ्या आपल्या लोकांना पाइनच्या सुयांच्या गासड्या सहज आणि स्वस्त मिळतात. त्या हवा-पाण्याला उत्तम वाट देतात आणि मेपलला मानवतात, मात्र लवकर पेट घेतात, म्हणून लाकडी भिंतींना लागून त्या पसरू नयेत.

किती मल्च घ्यावा याचा हिशेब सोपा आहे आणि दुकानात जाण्यापूर्वी तो करून ठेवावा. अमेरिकेत सुटा मल्च घनयार्डात विकतात आणि एका घनयार्डात २७ घनफूट असतात. दोन इंच जाडीने एक घनयार्ड १६२ चौरस फुटांना पुरतो, तीन इंच जाडीने १०८ चौरस फुटांना. आमचा वाफा बरोबर १६२ चौरस फुटांचा असल्याने दोन इंचांच्या थरासाठी एक घनयार्ड, म्हणजे २ घनफुटांच्या सुमारे १४ पिशव्या लागतात, आणि बुंध्यांभोवतीची मोकळी जागा वजा केली तर त्याहूनही कमी. पाइनची बारीक साल दोन ते तीन इंचांपेक्षा जाड घालू नये. पुढच्या वर्षी आधी पट्टी रोवून जाडी मोजावी आणि घटली असेल तेवढीच भर घालावी. दर वसंतात सवयीने नवा थर चढवत गेल्यामुळे सहा-सात इंचांखाली गुदमरलेली मुळे मी कित्येक अंगणांत पाहिली आहेत.

मल्च कोणताही निवडला तरी तो बुंध्याला टेकता कामा नये. आमच्या भागात बागकामाच्या कंत्राटी टोळ्या झाडाभोवती ज्वालामुखीच्या शंकूसारखा ढीग रचतात, आणि लोकांना ती टापटीप वाटते. बुंधा जमिनीशी जिथे रुंद होत मुळांत उतरतो, तो भाग उघडा राहायला हवा. तिथली साल कायम ओली राहिली तर ती कुजते, हिवाळ्यात मल्चच्या आडोशाने घूस-उंदरांच्या जातीचे व्होल येऊन ती कुरतडतात, आणि मेपलच्या बाबतीत तर ढिगात वाढलेली मुळे बुंध्यालाच वेढा घालून वर्षांनंतर त्याचा गळा आवळतात. लहान झाडाभोवती चार बोटे आणि मोठ्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, आणि तिथून बाहेर, फांद्यांचा घेर संपतो तिथपर्यंत मल्च पसरावा. खाली तण रोखणारे कापड घालू नये. दोन-तीन वर्षांत मेपलची बारीक मुळे त्याच्या विणीत शिरतात आणि पुढे ते काढणे म्हणजे मुळे तोडणे ठरते. घालण्याची वेळ मेच्या सुमारास, माती थोडी गरम झाल्यावर आणि ओली असताना, हीच उत्तम, कारण कोरड्या मातीवर घातलेला मल्च कोरडेपणाच टिकवून ठेवतो.

एवढ्या तपशिलानंतरही पाइनची बारीक साल सर्वांनाच सुचवता येणार नाही. वाफा तीव्र उतारावर असेल किंवा छतावरचे पाणी थेट तिथे पडत असेल तर ती टिकणार नाही. तिथे हार्डवुडचा मल्च पातळ थरात घालावा किंवा आधी पाण्याची वाट बदलावी. कॅलिफोर्नियात वणव्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी घरालगतच्या पहिल्या पाच फुटांत साल, लाकूड किंवा सुया यांपैकी कोणताही ज्वलनशील मल्च ठेवू नये आणि मेपल त्या पट्ट्याबाहेरच लावावा. आणि ज्यांचा मेपल कुंडीत आहे, त्यांनी पिशवीतली उरलेली बारीक साल जपून ठेवावी: निचऱ्यासाठी ती कुंडीच्या मातीत मिसळता येते, आणि वर अर्धा-एक इंच पसरली तर भर ऑगस्टमध्ये कुंडीची माती लवकर सुकत नाही.